'संगीत सौभद्रा'चा पहिला प्रयोग : तीन अंकांची रात्र

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात 'संगीत सौभद्र' या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाची तारीख १८ नोव्हेंबर १८८२ अशी नोंदविली जाते. स्थळ पुण्यातील पूर्णानंद नाटकगृह, मंडळी किर्लोस्करांची, कर्ते बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर. नोंद खरी आहे. परंतु तिच्यावरून वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते ते मात्र तितकेसे खरे नाही. त्या रात्री प्रेक्षकांपुढे जे आले ते आज छापील पुस्तकात आढळणारे पाच अंकी नाटक नव्हते. त्यातील पहिले तीन अंक तेवढे झाले. पाचही अंकांचा संपूर्ण प्रयोग त्यानंतर, १८८३ साली, झाला. म्हणजे मराठीतील सर्वांत लोकप्रिय संगीत सुखात्मिकेचा 'पहिला प्रयोग' पाहून जे पुणेकर घरी परतले, त्यांच्यापुरते अर्जुनसुभद्रेचे लग्न त्या रात्री लागलेच नव्हते.

सुखात्मिकेच्या बाबतीत ही गोष्ट सामान्य म्हणता येत नाही. शोकान्त कथा मध्येच थांबली तर दु:ख अपुरे राहते एवढेच. पण जिचे सारे प्रयोजन गाठ बांधून ती सोडविण्यात आहे, अशी नाट्यकृती गाठ घट्ट असतानाच पडदा पाडून मोकळी होते, आणि तरीही पहिल्याच रात्री प्रेक्षकांना जिंकते, याचा उलगडा करणे प्राप्त होते. नाट्येतिहासाच्या पुस्तकांत हा तीन अंकांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात येतो आणि लेखक पुढे पदांच्या गोडीकडे वळतात.

असा अपुरा प्रयोग हा अपघात नव्हता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात 'शाकुंतला'चा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, ज्या दिवसापासून किर्लोस्करी परंपरा मोजली जाते, तोही सातांपैकी चार अंकांचा होता. पुढे १८८४ साली 'रामराज्यवियोग' रंगभूमीवर आले ते तीन अंकांचेच. आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेबांचे निधन झाल्यामुळे ते कायमचे अपुरे राहिले. अण्णासाहेबांची तिन्ही संगीत नाटके प्रथम अपूर्णावस्थेतच लोकांपुढे आली, हे एकत्र ध्यानात घेतले म्हणजे ही त्यांची कार्यपद्धतीच होती असे मानावे लागते. तिची व्यावहारिक कारणे समजण्यासारखी आहेत. अण्णासाहेबांनी सरकारी कचेरीतील नोकरी सांभाळून नाटकाचा उद्योग आरंभिला होता. पदांची संख्या मोठी, आणि प्रत्येक पद नटाच्या गळ्यात बसविणे हे गद्य भाषण पाठ करून घेण्याहून फार वेगळे काम. जेवढे बसले तेवढे दाखवावे, त्यातून उभारी आणि द्रव्य मिळवावे, आणि पुढचे अंक बसवावेत, हा मार्ग उघड होता.

तथापि 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' यांत एक महत्त्वाचा भेद आहे. 'शाकुंतल' हे कालिदासाचे भाषांतर. त्याचा सांगाडा आधीच पूर्ण होता आणि मराठी कर्त्याने त्यावर पदांचा साज चढविला. 'सौभद्र' हे स्वतंत्र नाटक. त्यातील चौथा व पाचवा अंक रंगभूमीवर उभे राहण्यापूर्वी कर्त्याने पहिल्या तीन अंकांना मिळालेली दाद प्रत्यक्ष ऐकलेली होती. कोणत्या पदाला 'वन्स मोअर' येतो, कोणत्या संवादावर हशा पिकतो, कोठे प्रेक्षक कुजबुजू लागतो, हे ज्ञान हाती असताना नाटकाचा उत्तरार्ध सिद्ध झाला. त्याचे नेमके काय परिणाम झाले हे आज अक्षरश: दाखविता येणार नाही, पण रचनेचा विचार करताना ही वस्तुस्थिती दृष्टिआड करता येत नाही.

नाटकाच्या नावापासूनच आरंभ करणे सोईचे होईल. 'सौभद्र' हा शब्द ऐकताच संस्कृताची थोडीबहुत ओळख असलेल्या माणसाला सुभद्रेचा पुत्र अभिमन्यू आठवतो, कारण अपत्यार्थी तद्धिताचा तोच रूढ अर्थ. नाटकात अभिमन्यूचा पत्ता नाही. परंतु नाव चुकलेले नाही. पाणिनीच्या चौथ्या अध्यायात, एखाद्या विषयाला अनुलक्षून रचलेल्या ग्रंथाचे नाव सिद्ध करणारे जे सूत्र आहे, त्यावर काशिकाकारांनी दिलेल्या उदाहरणांतच 'सौभद्र' हा शब्द आढळतो : सुभद्रेला अनुलक्षून केलेला ग्रंथ. त्याच अध्यायातील दुसऱ्या एका सूत्राखाली हाच शब्द युद्धाचे नाव म्हणून येतो : सुभद्रा हे ज्याचे प्रयोजन तो संग्राम. वैयाकरणांना सुभद्रेचे आख्यान किती परिचित होते याचा हा पुरावा होय. किर्लोस्करांना यांतील पहिला अर्थ अभिप्रेत असणार यात संशय नाही. पण दुसरा अर्थही या नाटकास गमतीने लागू पडतो. सुभद्रेपायी होऊ घातलेला संग्राम सारा वेळ प्रेक्षकाच्या डोक्यावर टांगलेला असतो, आणि तो होत नाही हेच नाटकाचे सुख.

कथावस्तू कोठून आली हा प्रश्नही पहिल्या तीन अंकांच्या यशाशी निगडित आहे. महाभारताच्या आदिपर्वात, विशेषत: वि. स. सुखटणकर यांनी संपादिलेल्या आणि १९३३ साली पूर्ण झालेल्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीत जे सुभद्राहरण आहे, त्यात लपवाछपवी जवळजवळ नाही. रैवतक पर्वतावरील उत्सवात अर्जुन सुभद्रेला पाहतो, कृष्ण त्याला सरळ हरणाचा सल्ला देतो, युधिष्ठिराची अनुज्ञा मागविली जाते आणि हरण होते. यतिवेष नाही, म्हणून फसगतही नाही. यतिवेषाचा प्रसंग दक्षिणी पाठपरंपरेत विस्ताराने आहे. भागवताच्या दशम स्कंधातील शहाऐंशीव्या अध्यायाच्या आरंभी तर तो दहाबारा श्लोकांतच सांगितला आहे. तेथे तीर्थयात्रेस निघालेल्या अर्जुनास प्रभासक्षेत्री कळते की बलराम सुभद्रा दुर्योधनाला देणार. तो त्रिदंडी संन्यासी होऊन द्वारकेस जातो, पावसाळ्याचे महिने तेथे काढतो, आणि बलराम स्वत: त्याला भिक्षेसाठी घरी नेतो. (ही कथा शुकाचार्य परीक्षितीला सांगतात, म्हणजे एक नातू आपल्या आजीआजोबांच्या लग्नाची हकीकत चवीने विचारीत आहे, ही भागवतातील मौज किर्लोस्करांना उपयोगी पडण्याजोगी नव्हती.) नाटकाचा गाभा या श्लोकांत आहे. घटोत्कचाकडून सुभद्रेचे नेले जाणे आणि द्वारकेतील घरगुती प्रसंगांचा विस्तार ही भर निराळी.

किर्लोस्करांचा जन्म १८४३ सालचा, धारवाड-बेळगाव भागातील गुर्लहोसूरचा. कानडी मुलूख, घरची मराठी, कानावर कर्नाटकी चाली आणि कीर्तन. ज्या प्रदेशात ते वाढले तेथे दक्षिणी पाठ आणि भागवत या दोहोंचाही प्रसार होता. म्हणून यतिवेषाची कथा त्यांना ग्रंथातून कळली की कीर्तनातून, हा वाद निष्फळ वाटतो. प्रेक्षकांनाही ती कीर्तनातून ठाऊक होती, हे अधिक महत्त्वाचे. शेवट कोणता हे नाटकगृहात पाऊल टाकण्यापूर्वीच प्रत्येकाला माहीत होते. अशा प्रेक्षकाला तीन अंकांवर पडदा पडला तरी तो फसविला गेला असे वाटत नाही. पुढे काय होणार, ही उत्कंठा त्याच्या ठिकाणी नसतेच.

मग तो कशासाठी बसतो? 'सौभद्रा'चे सुख कोणाला काय ठाऊक आहे याच्या वाटणीत आहे. कृष्णाला सर्व ठाऊक आहे. अर्जुनाला त्याच्या वाट्यापुरते. सुभद्रेला, जिच्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे तिलाच, कळावयास हवे ते कळत नाही. आणि बलराम, घरातील कर्ता, सर्वांत अनभिज्ञ. प्रेक्षक कृष्णाच्या शेजारी बसलेला असतो. यतीच्या पायाशी भक्तिभावाने नम्र होणाऱ्या बलरामाला पाहून येणारे हसू हे शेवटच्या अंकाची वाट पाहत नाही. ते त्या त्या क्षणीच पुरे होते. नाटकाच्या या जातीमुळेच तीन अंक स्वतंत्रपणे उभे राहू शकले. इंग्रजी सुखात्मिकांच्या मापाने हे नाटक मोजणाऱ्यांनी त्यात गुंतागुंत कमी असल्याची तक्रार केली आहे. ती तक्रार चुकीच्या जागी केलेली आहे.

आणि येथेच संगीताचे प्रयोजन स्पष्ट होते. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, त्या पद्धतीच्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे आपापली गद्य भाषणे बव्हंशी आयत्या वेळी रचीत. गाणारा एक आणि भोगणारा दुसरा, अशी ती विभागणी होती. पात्रांच्या तोंडी पदे घालण्याचा प्रयत्न सोकर बापूजी त्रिलोकेकरांनी 'नलदमयंती'त (१८७९) केलेला होता. तेव्हा अग्रमान कोणाचा हा वाद किर्लोस्करभक्तांनी फार ताणू नये. परंतु पात्राने स्वत: गाणे म्हणजे काय, याचा नाट्यदृष्ट्या खरा उपयोग 'सौभद्रा'त झाला. ज्या नाटकात बहुतेकांना काही ना काही लपवावयाचे आहे, तेथे गद्य हे सोंगाचे साधन होते आणि पद हे मनातले उघडे करण्याचे. यतिवेषातील अर्जुनाला चारचौघांत वैराग्याचीच भाषा बोलणे भाग आहे. त्याची ओढ बाहेर पडते ती सुरात. सुभद्रेचा कोंडमारा गद्यात सांगितला असता तर रडगाणे झाला असता. या नियमाला कृष्ण अपवाद आहे. तो गातानाही खेळवीत असतो, रुसवा काढताना त्याच्या पदात जितकी माया तितकीच मखलाशी असते. एका पात्राला नियमातून वगळल्यामुळे तो नियम प्रेक्षकाच्या कानाला जाणवतो. हे किर्लोस्करांनी योजून केले की सहजगत्या साधले, कोण जाणे.

हा सारा बेत प्रत्यक्षात उतरला तो नटवर्गामुळे. पहिल्या प्रयोगात मोरोबा वाघोलीकर अर्जुन होते, बाळकोबा नाटेकर नारद, आणि सुभद्रेच्या भूमिकेत लक्ष्मण बापूजी ऊर्फ भाऊराव कोल्हटकर. सूत्रधाराचे आणि बलरामाचे काम स्वत: अण्णासाहेबांनी पत्करले. या शेवटच्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. नाटकाची प्रत्येक खाच ज्याला ठाऊक, तोच मनुष्य सूत्रधार म्हणून प्रवेश करतो आणि थोड्या वेळाने ज्याला काहीच ठाऊक नाही अशा बलरामाच्या वेषात येतो. पुण्यातील प्रेक्षक त्यांना ओळखत होताच. कर्त्याला त्याच्याच कारस्थानात फसलेला पाहण्याची मौज छापील पुस्तकाला देता येत नाही.

भाऊरावांचा जन्म १८६३ सालचा, बडोद्याचा. १८८२ साली ते मंडळीत आले आणि आधी शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले. त्यापूर्वी शकुंतला शंकरराव मुजुमदार करीत. मुजुमदारांचे रूप आणि अभिनय यांची वाखाणणी झाली, पण गाणे हे त्यांचे अंग नव्हते. म्हणून १८८० च्या 'शाकुंतला'त गाण्याचा भार पुरुषपात्रांवर, म्हणजे मोरोबा आणि बाळकोबा यांच्यावर, अधिक पडला. नायिका गाऊ शकते ही शक्यता मंडळीला भाऊरावांच्या येण्याने लाभली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'सौभद्र' आले. एकोणीस वर्षांच्या या तरुणाचा उंच, धारदार आवाज हाती नसता तर सुभद्रेचे दु:ख पदांतून वाहू देण्याचे धाडस कर्त्याने केले असते काय? नाटकाचे नाव सुभद्रेवरून आणि नाटकाचे मर्म तिच्या अज्ञानात. तिला आवाज मिळाला नसता तर सारे नाटक कृष्णाच्या चातुर्याचे होऊन बसले असते.

चालींविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे थोडक्यात. साकी, दिंडी, अंजनीगीत हे कीर्तनातील परिचित साचे, लावणीच्या चाली, कर्नाटकी वळणे, यांची ती मिसळण होती. विस्तृत रागदारीचा आणि ऑर्गनच्या साथीचा जो थाट 'सौभद्र' म्हटले की आज मनात येतो, तो नंतरच्या, विशेषत: गंधर्वकाळातील प्रयोगांचा. १८८२ च्या पदांचा आटोप लहान होता आणि पदागणिक कथा पुढे सरकत असे.

भाषेविषयी मात्र थांबावयास हवे. द्वारकेच्या राजवाड्यातील मंडळी 'सौभद्रा'त जी मराठी बोलतात ती त्या काळच्या सुशिक्षित ब्राह्मणी घरातील बोलण्याची आहे. दादा रागीट पण मनाचे भोळे, धाकटा भाऊ गोड बोलून आपले तेच खरे करणारा, नणंद-भावजयींचे गूज, लग्नाच्या बोलणीत मुलीला कोणी विचारीत नाही ही सर्वमान्य रीत. हे सारे प्रेक्षकाच्या घरातले होते. दुर्योधन नाटकात येतच नाही, तो केवळ घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरविलेले एक 'स्थळ' आहे. 'शाकुंतला'च्या गद्यात संस्कृतातून आलेला एक अवघडलेपणा राहतो. तो येथे नाही, याचे श्रेय स्वतंत्र रचनेला द्यावयास हवे. जी नाटके कुटुंबासह पाहण्यास संकोच वाटत नाही अशी नाटके हवी होती, त्यांना हे नाटक हवे तसे मिळाले. लावणीची चाल कानावर पडे, पण ती सुभद्रेच्या तोंडून.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे. असे नाटक पडदे, पेटारे, नटसंच आणि साथीदार घेऊन जेथे नाटकगृह आहे व जेथे आगगाडी जाते तेथेच जाऊ शके. पुण्याहून मुंबईची वाट १८६३ नंतर बोरघाटातून रुळांवर आली होती आणि कल्याणास मिळत होती. कल्याणाहून नाशिककडची दुसरी वाट वासिंद, आसनगाव, आटगाव अशी शहापूर तालुक्यातून कसाऱ्यास जाई आणि १८६५ पासून थळघाट चढे. या दोन वाटांच्या मधल्या बेचक्यात मुरबाड तालुका आहे. रूळ त्याला टाळून गेले. त्या तालुक्यातील म्हसा येथे पौषात खांबलिंगेश्वराची यात्रा भरते, गुरांचा मोठा बाजार होतो, आणि तेथील रात्रीचा खेळ म्हणजे तमाशाचा फड. ज्या लावणीची चाल पुण्यात शालू नेसून रंगभूमीवर आली, तिची मूळची जागा असल्या यात्रांतील राहुट्यांत होती. संगीत नाटकाने ग्रामीण गाण्याकडून घेतले आणि ते रेल्वेच्या गावांना दिले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच ठरेल. 'सौभद्रा'चा पहिला प्रेक्षक कोण होता याचा विचार करताना तो कोण नव्हता हेही लक्षात ठेवावे. साकी-दिंडी मात्र मुरबाडच्या देवळातील श्रोत्यालाही परकी नव्हती.

राहता राहिला साधनांचा प्रश्न. पहिल्या प्रयोगाविषयीचे ज्ञान आपल्यापर्यंत बहुतांशी मंडळीच्या आतील माणसांकडून आले आहे. शंकरराव मुजुमदार, जे आधी शकुंतला होते, पुढे मंडळीचे चालक झाले आणि 'रंगभूमि' मासिकाचे संपादकही. अण्णासाहेबांचे चरित्र त्यांनीच लिहिले. असा साक्षीदार अमोल खरा, पण तो बऱ्याच वर्षांनी, मंडळीचा लौकिक सर्वत्र झाल्यावर लिहीत होता. यशस्वी संस्थेचा इतिहास तिच्या आतून लिहिला जातो तेव्हा आरंभीची खटपट ही पूर्वनियोजित वाटू लागते. तीन अंकांची रात्र ही पाच अंकांच्या नाटकाची पहिली पायरी म्हणून दिसू लागते. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पूर्णानंदात बसलेल्या कोणालाही ती पायरी असल्याची खात्री नव्हती. 'शाकुंतल' पूर्ण झाले होते. पण 'रामराज्यवियोगा'चे पुढे काय झाले ते आपण पाहिले. कर्त्याला तीन वर्षे आधी मृत्यू आला असता तर 'सौभद्र'ही तीनच अंकांचे राहिले असते, आणि समीक्षकांनी त्याला बहुधा अपूर्ण शोकनाट्यही ठरविले असते : सुभद्रा गातच राहिली आहे आणि कोणीही तिला खरे सांगत नाही.

पाठचिकित्सेची सवय असलेल्यांना यात एक अडचण ओळखीची वाटेल. आदिपर्वाच्या संपादकांनी यतिवेषाचा आख्यानभाग मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवला, कारण सर्व परंपरांत तो नाही. नाटकाच्या बाबतीत 'मूळ' कशाला म्हणावे? पहिल्या रात्री जे झाले ते मूळ मानले तर चौथा व पाचवा अंक पुरवणी ठरतात. पुस्तक मूळ मानले तर पहिली रात्र केवळ रंगीत तालीम होते. आणि नटांच्या आवाजासाठी रचलेली पदे त्या आवाजांवाचून मूळ कशी म्हणावीत? अण्णासाहेब गेल्यावर मंडळी टिकली ती पुष्कळशी भाऊरावांच्या गळ्यावर आणि गोविंद बल्लाळ देवलांच्या तालमीवर. १३ फेब्रुवारी १९०१ रोजी भाऊराव वारले. पाठोपाठ १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत आले आणि सुभद्रा त्यांची झाली. भाऊरावांच्या आवाजाची तबकडी नाही. १८८२ साली ती पदे कशी ऐकू आली असतील याचा जो काही अंदाज पुढच्या पिढ्यांनी बांधला, तो पाचही अंक पाहिलेल्या कानांनी बांधलेला आहे.